कंबर जास्त दुखायला लागली आणि मी खूश

मी फिजिओ. गळीत हंगामात आमच्या सांगलीकडे कमरेचे पेशंट वाढतातच. त्यातलाच हा एक, उसाचा ट्रॅक्टर चालवणारा, चाळिशीतला. आई घेऊन आली त्याला. सुरुवात कमरेत उसण भरण्यापासून, आता डाव्या पोटरीपर्यंत कळ, खुर्चीत बसवेना म्हणून उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आई म्हणजे आजीच, आणि त्या स्वतः पायाळू, त्यामुळे पाठीला पाय लावणं घरीच झालेलं. "गावाची उसण जाते माझ्या पायानं, ह्याचीच कशी जाईना?" पठ्ठ्याची मागणी एकच, मॅडम कट्ट करून वाजवा, मणक्यातली गादी जागेवर बसवा.

आता तो कट्ट आवाज म्हणजे सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होते त्याचा, गादी बसल्याचा नाही, पण पेशंट त्यावरच खूश असतात. याचा पाय सरळ उचलला तर अर्ध्यातच ओरडला, अशा माणसाला मी तरी झटका देत नाही. लघवी नीट होते का, बसायची जागा बधिर आहे का, पाऊल वर उचलतं का, सगळं बघितलं, ठीक होतं (नसतं तर हात न लावता थेट सर्जनकडे).

पालथं झोपवलं. खालच्या मणक्यांवर तळहाताच्या कडेनं दाब, मेटलंड नावाच्या फिजिओच्या पद्धतीत या दाबाच्या ग्रेड असतात, मी वन-टूवरच, म्हणजे हलक्या दाबावरच राहिले, नुसतं दुखणं शमवायला. जरा सैल पडल्यावर कोपरांवर टेकायला लावलं, मग हात सरळ करून छाती उचलायची, कंबर ढिली सोडायची, परत खाली, असं बराच वेळ. आणि मग तो म्हणाला, "पोटरीतलं गेलं हो, पण कंबर जास्त दुखायला लागली."

आजी उठल्याच. "पोरगं बरं करायला आणलंय का वाढवायला?"

मी हसत होते, त्यामुळे अजूनच भडकल्या. मग बसवून सांगितलं की कळ पायातून वर सरकत कमरेत गोळा होणं ही चांगली खूण आहे. 1956 साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला मॅकेन्झी नावाच्या फिजिओचा पेशंट डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला, पाच मिनिटांनी मॅकेन्झी येऊन बघतात तर पायातलं दुखणं गायब, तिथून ही पद्धत निघाली. आजी म्हणाल्या, तो मॅकेन्झी पायाळू असणार.

कारखाना चालू असताना विश्रांती घे म्हणणं फुकट. सीटवर कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, उतरलं की हात कमरेवर ठेवून मागे वाकायचं, कळ परत पोटरीत उतरली तर लगेच थांबायचं, कंबर दुखली तर घाबरायचं नाही, एवढंच त्याच्याकडून म्हणून घेतलं.

नंतर फोनवर सांगत होता, कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत मी मागे वाकतो तर शेजारचे ट्रॅक्टरवालेपण वाकायला लागलेत, त्यातल्या एकाचा पाय बधिर झालाय म्हणे. म्हटलं त्याचं वाकणं आधी बंद कर आणि आजच घेऊन ये.