जरी, तरी आणि भाचीची ग्रामरची वही

गेले दोन महिने रोज संध्याकाळी भाचीचं इंग्रजी ग्रामर घेतेय. आठवीत आहे, मराठी मीडियम. रिकाम्या जागा भर म्हटलं की वीसपैकी अठरा बरोबर, आणि चार ओळी मनाने लिही म्हटलं की गाडी अडलीच. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून ते पहिलीपासून आलं, म्हणजे हिची सात वर्षं झालीत शिकून. मग अडतंय कुठे? एका रविवारी तिच्या सगळ्या चुका एका पानावर उतरवल्या आणि प्रत्येकीखाली मराठी वाक्य लिहिलं, तेव्हा कळलं की पोरीचं मराठी पक्कं आहे आणि तेच जसंच्या तसं इंग्रजीत उतरतंय.

'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' शाळेच्या वहीत बटवर लाल काट, का ते कुठेच लिहिलेलं नाही. आता मराठीत जरी आलं की मागून तरी येणारच, ती जोडीच आहे. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच शब्द पुरतो, ऑल्दो नाहीतर बट. बिकॉज आणि सो यांचंही तेच. तिला म्हटलं एकावर बोट ठेव आणि वाच, मग दुसऱ्यावर ठेव. दोन्ही वेळा वाक्य नीट लागलं, तेव्हा तिला पटलं.

काळाचं जरा जास्त अवघड आहे. आपण सहज म्हणतो, काल कोल्हापूरला गेले होते. तिने लिहिलं 'आय हॅड गॉन टू कोल्हापूर यस्टरडे'. पण हॅड गॉन म्हटलं की ऐकणारा पुढची गोष्ट ऐकायला थांबतो, कशाच्या आधी गेली होतीस? नुसतं काल गेले असेल तर वेंट. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटली होती, इथे मात्र हॅड लेफ्टच पाहिजे, कारण दोन घटना आहेत आणि एसटी आधी सुटलीये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका वाक्यावर, 'बाबा सेड दॅट आय विल कम टुमॉरो.' मी विचारलं कोण येणार? म्हणाली, बाबा. म्हटलं मग इथे आय कोण? तोंडात पेन्सिल धरून बराच वेळ बसली, मग म्हणाली, मावशी, मी होते का गं ती? आपल्याकडे 'की' नंतर माणसाचे शब्द आहेत तसे ठेवता येतात, बाबा म्हणाले की मी उद्या येतो, कुणाचाही गोंधळ होत नाही. इंग्रजीत सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलायचं, म्हणून आयचा ही, विलचा वुड, आणि टुमॉरोचा द नेक्स्ट डे. हे तिने स्वतः खोडून परत लिहिलं, आणि मला खरंच फार बरं वाटलं.

सिन्स आणि फॉर राहिलंय अजून, आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं ना, दोन वर्षांपासून पण आणि सोमवारपासून पण. आणि ते 'ना' सुद्धा! तू येतेस ना, तो गेला ना, सगळीकडे एकच ना, आणि तिकडे आर्न्ट यू, डिडन्ट ही, दर क्रियापदाला वेगळं. उद्यापासून तेच घेणारेय, आठवडा तरी जाईल.