रांगोळीची रेघ

श्रावणातला शनिवार, रात्र

गोल्फचा सराव: आज ४० पैकी ३१ फटके बरोबर. वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. जूनमध्ये पहिल्या दिवशी इथे ६ लिहिलंय, आणि त्यातलेही दोन मी स्वतःला उदारपणे देऊन टाकलेले.

दिवसभर धो धो पाऊस. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, वाटेवर घोटाभर चिखल, तरी बँकेतून आल्यावर चहा घेऊन शेडमध्ये गेलेच. सुपारी साठवायची ही शेड पावसाळाभर रिकामी असते. गेल्या वर्षी तिथे मासेमारीचं, रापणीचं जुनं जाळं टांगलं. गोल्फचा चेंडू नियमाने ४२.६७ मिलिमीटरहून लहान नसतो, पण जाळं विकत घेताना हे कोण मोजतंय! तिसराच चेंडू भोकातून आरपार गेला आणि पोफळीवर टाणकन आपटला. मग तेच जाळं दुहेरी केलं.

धाकटे दीर जहाजावर असतात, त्यांनी त्यांचे वापरलेले क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, मला दिले. पिशवीत १४ चालतात, माझ्याकडे सहा आहेत, आणि हातात असतो तो एकच, सेव्हन आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा सात नंबरचा. बाकीचे अजून पाहुण्यांसारखे कोपऱ्यात उभे.

डिसेंबरची फजिती आज पुन्हा आठवली. सहा महिने काथ्याच्या पायपुसण्यावर चेंडू ठेवून मारत होते. छान लागायचे. त्या जोरावर एका रविवारी फोंड्याहून दक्षिण गोव्यातल्या वार्क्याला गेले, तिथल्या हॉटेलच्या नऊ होलांच्या मैदानावर. सगळे पार थ्री, तीन फटक्यांत पुरे करायचे छोटे होल, म्हणजे नवख्या माणसाला सोपं, असं मी धरून चालले होते. पहिल्या होलवर चेंडूच्या चार बोटं मागे जमीन खणली. चेंडू जेमतेम दहा पावलं गेला, गवताची खपली त्याच्यापेक्षा लांब. मागे थांबलेल्या दोघांनी सभ्यपणे समुद्राकडे बघितलं.

दोष पायपुसण्याचा होता, हे कळायला महिना गेला. क्लब चेंडूच्या मागे टेकला तरी काथ्यावरून घसरत पुढे जातो आणि चेंडूला गाठतोच. आवाज थोडा बोदा येतो, पण ऐकायचं कुणाला असतं? गवत असं सांभाळून घेत नाही. आयर्नने मारताना क्लब खाली येत असतानाच चेंडू लागायला हवा, आणि क्लबच्या झोक्याचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या पुढे पडायला हवा. माझं उलटं चाललेलं. आमटीतून डाव वर काढावा तसा मी चेंडू उचलायला जायची आणि वजन उजव्या पायावरच राहायचं. चेंडू वर चढवायला क्लबचा तिरपा चेहरा असतो, ते आपलं कामच नव्हे. त्यात, सुरुवातीला ज्याच्याकडे चार दिवस शिकले, त्याने ‘डोकं हलवू नका’ एवढाच मंत्र दिलेला. डोकं सांभाळता सांभाळता सगळं अंगच खांबासारखं राहिलं.

म्हणून जूनपासून चेंडू बंद. बांधकामातून उरलेली दोन घमेली रेती शेडमध्ये पसरली, ओली करून थापली, वर रांगोळीची पांढरी रेघ. रेघेवर चेंडू आहे असं समजून क्लब फिरवायचा. रेती रेघेच्या पुढे, डावीकडे, उडाली तर एक गुण, मागे उडाली तर शून्य. रेती खोटं बोलत नाही आणि ‘जवळजवळ’ असा शेराही देत नाही. पहिल्या आठवड्यात माझे सगळे खड्डे रेघेच्या उजवीकडे, रांगेत, जणू कुणी अळूचे कांदे लावायला खणलेत.

जुलैत चेंडू परत आला. गुण मात्र अजून रेतीच देते.

क्लब किती वेगाने फिरवायचा, हे कोडं अण्णांनी सोडवलं. सासरे शेडच्या दारात आडकित्ता घेऊन बसतात. त्यांना मोतीबिंदूमुळे चेंडू दिसत नाही, पण देवळातल्या भजनात चाळीस वर्षं तबला वाजवलाय. एकदा म्हणाले, ‘घाई कसली गो? समेच्या आधीच येतेस.’ सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. मी त्यांना सांगितलं की व्यावसायिक खेळाडूंच्या झोक्यात क्लब मागे नेण्याला लागणारा वेळ खाली आणण्याच्या साधारण तिप्पट असतो आणि सगळा खेळ एका सेकंदाच्या आसपास आटोपतो. त्यांनी मांडीवर बोटं आपटली. त्रितालाचा शेवटचा खंड: ता धिं धिं धा, आणि मग समेचा धा. ‘ता’ला क्लब हलवायचा, खंडातल्या ‘धा’ला वर पोचायचं, समेला चेंडू. तीन मात्रा वर, एक मात्रा खाली. हिशेब चोख बसला! आता मी मनात बोल म्हणते आणि ते सम चुकली की नुसते खाकरतात.

अजून एक बदल केला. १९७९ साली शी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हातांच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एकच हालचाल ओळीने घोटणारे सरावात पुढे दिसले, पण हालचाली उलटसुलट क्रमाने करणाऱ्यांच्या अंगात त्या जास्त टिकल्या. म्हणून जाळ्यावर तीन रंगांच्या चिंध्या बांधल्यात, आणि दर चेंडूला नेमाची चिंधी बदलते. आकडा लगेच घसरला, ३० वरून १९. चिडून एक दिवस शेडकडे फिरकले नाही. हल्ली मी महिन्यातला सगळ्यात चांगला आकडा बघतच नाही, सगळ्यात वाईट बघते. ऑडिटच्या आठवड्यात, डोकं बँकेत आणि पाय शेडमध्ये असताना, २२ च्या खाली गेले नाही. वार्क्याला माझ्यासोबत हा २२ च येणार आहे, ३१ नव्हे.

चेंडू उजवीकडे वळतो तो वळतोच. क्लबचा चेहरा झोक्याच्या वाटेच्या मानाने उघडा राहतो. डाव्या हाताची पकड सैल पडते, हे कळलंय. पण त्याला वेगळी वही लागेल.

आत आले तर सासूबाई देवघरातले डबे खाली काढत होत्या. गणपतीची चवथ पंधरा दिवसांवर. रांगोळीचा डबा हलवून बघितला, तळाशी चिमूटभर. माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे.

‘पेडणेकारांच्या दुकानात मिळते,’ अण्णा म्हणाले. ‘दोन किलो आण.’