तुम्ही विचारलंत म्हणून: सायन्सच्या की आर्ट्सच्या?

तुमच्यासारखंच बहुतेक सगळे विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी विचारतात, बारावीतल्या मुलीला घेऊन भेटायला आलेले वडील विचारतात. मी तीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे अभ्यासते असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे तुम्ही नक्की सायन्सच्या की आर्ट्सच्या?"

इतकी वर्षं मी "दोन्ही" म्हणून विषय संपवत आले. पण तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, आणि तेही मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म हातात धरून. "दोन्ही" म्हटलं की थोडं इकडचं, थोडं तिकडचं असं काहीतरी हलकं काम डोळ्यांसमोर येतं, आणि ते खरं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागानं १९६८ पासून १९८३ पर्यंत, हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झ. दा. अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची अशी दोन्ही हत्यारं वापरात होती तेव्हाची, ही शेतकऱ्यांची वस्ती इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास सुरू झाली आणि ७०० च्या सुमारास संपली. मी शिकायला लागले तेव्हा ते खड्डे केव्हाच बुजवून झाले होते. इनामगाव मला भेटलं ते अहवालातून आणि कपाटातल्या खोक्यांतून. तरी या विषयात मी आले ती त्याच्यामुळेच, कारण एका गावाला किती तऱ्हेच्या माणसांनी मिळून प्रश्न विचारले, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

तिथे एक कालवा सापडला आणि त्याला लागून बांध. नदीच्या पुराचं पाणी वळवून शेताकडे न्यायची सोय. असा कालवा नुसता "सापडत" नाही. जमिनीत मातीचा रंग बदललेला दिसतो, गाळाचे थर दिसतात. पण हा चर नैसर्गिक ओघळ नसून माणसानं काढलेला आहे, हे उतार मोजल्याशिवाय आणि पाणी कुठून कुठे गेलं असतं ते पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही. हा प्रश्न स्थापत्य अभियंत्याचा. आणि कालवा आहे हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न लगेच दारात उभा राहतो: पाणी वाटून कोण देत होतं? पाळी कुणाची आधी? आजही आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून भावाभावांत डोकी फुटतात. पाणी आलं की ते वाटणारा आला, त्याचं ऐकणारे आले, न ऐकणारेही आले. उतार मोजणाऱ्या यंत्रात हे दिसत नाही.

माझ्या वाट्याला येतात ते दाणे. चुलीत सांडलेला, कणगीसकट जळालेला दाणा कोळसा होतो, आणि कोळसा जीवाणूंना खाता येत नाही म्हणून तो टिकतो. न जळालेलं धान्य आपल्या हवेत काही वर्षांत मातीत मिसळून जातं. आम्ही उत्खननातली माती पाण्यात कालवतो. माती खाली बसते, जळके दाणे वर तरंगतात. ते बारीक जाळीवर घ्यायचे, सावलीत वाळवायचे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा. सातू, म्हणजे जव, की गहू? मसूर की वाटाणा? की कुळीथ? सहा ओळींच्या सातूच्या कणसात प्रत्येक पेऱ्यावर तीन दाणे बसतात. मधला सरळ, कडेचे दोन जरासे पिळवटलेले. नमुन्यात पिळलेले आणि सरळ दाणे साधारण दोनास एक भरले, की कणीस डोळ्यांपुढे उभं राहतं. इनामगावकरांचं मुख्य पीक हा सातूच होता. इथवर मी पूर्णपणे सायन्सची आहे. पदवी माझी वनस्पतिशास्त्राचीच.

पण हा दाणा तिथे पोचला कसा?

याचं उत्तर मला कुठल्याही प्रयोगशाळेत मिळालं नाही. सुरुवातीच्या काळात एका नमुन्यात मला रानगवताच्या बारीक बिया शेकड्यांनी मिळाल्या. मी टिपणात लिहिलं, की हे लोक रानातलं बी गोळा करून खात असावेत. अडचणीच्या काळात माणसं देवभात वेचतात, बरबडा खातात, हे मला माहीत होतं, म्हणून अंदाज पटण्याजोगा वाटला. त्याच उन्हाळ्यात एका खेड्यात मुक्काम होता. घरच्या आजी ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. मी माझ्या बियांचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग आपल्या चाळणीखाली पडलेला ढीग बोटानं पसरवला आणि म्हणाल्या, "बाई, हे चाळणीखालचं हाय. हे कोन खातंय? चुलीत टाकत्यात न्हाईतर कोंबड्यास्नी."

त्या ढिगात तशाच बारीक बिया होत्या. दाण्याबरोबर शेतातून आलेल्या तणाच्या. मळणी, उफणणी, पाखडणं, घोळणं, चाळणं, निवडणं: प्रत्येक पायरीला धान्यातून वेगळं काहीतरी बाजूला पडतं. उफणताना भुसा वाऱ्यावर जातो. सुपात पाखडलं की हलकं तूस पुढे उडतं, घोळलं की खडे आणि जड बारीक कण वेगळे होतात, चाळणीखाली बारीक तण पडतं. म्हणजे माझा नमुना कुणाच्या ताटातला नव्हताच. तो घरातला केरकचरा होता. त्यावरून कळलं ते वेगळंच, आणि माझ्या मते जास्त मोलाचं: चाळायचं काम खळ्यावर न होता घरात, चुलीजवळ होत होतं. म्हणजे धान्य अर्धवट साफ करून साठवलं जाई आणि लागेल तसं रोज थोडं थोडं निवडलं जाई. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घरातली रोजची सकाळ मला त्या आजींमुळे दिसली.

पुढे वाचन वाढलं तसं कळलं, की तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये संशोधकांनी खळ्यांवर राहून नेमक्या याच पायऱ्या नोंदवल्या होत्या आणि त्यावरून आमच्या विषयाची एक मोठी पद्धत उभी राहिली होती. ती पद्धत मी नंतर शिकले. पण पाखडणं आणि घोळणं यांतला फरक मला आधी मराठीनं शिकवला. आपल्या बायकांनी प्रत्येक हालचालीला वेगळा शब्द ठेवला आहे, आणि तो शब्द म्हणजे एक निरीक्षण आहे. भाषेचा अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीबरोबर हे शब्द गावोगाव गोळा करावेत, अशी फार इच्छा आहे. सूप वापरणारे हात कमी होत चालले आहेत.

आता वयाचं. मातीच्या थरात लाकडाचा कोळसा मिळतो, त्यावरून काळ काढता येतो. कोळशात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन असतो आणि त्याचा अर्धा भाग ५७३० वर्षांत संपतो; तीन हजार वर्षांच्या कोळशात मूळच्या सुमारे ७० टक्के उरलेला असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात यासाठी प्रयोगशाळा चालवली. देशभरच्या उत्खननांच्या अहवालांत 'टीएफ' अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक दिसतात ते तिथले. पुढे हे काम अहमदाबादला गेलं. पण लाकूड फसवतं. घराचा वासा दीडशे वर्षं जुन्या झाडाचा असू शकतो, जुन्या घरातून काढून नव्या घराला लावलेला असू शकतो. दाण्याचं तसं नाही. दाणा एका हंगामाचा. पूर्वी मोजायला काही ग्रॅम कोळसा लागायचा, आता एक दाणा पुरतो.

अशाच एका दुसऱ्या जागेवरचा एक दाणा मी मोजायला पाठवला होता. थर जुना होता, दाणा ओळखता येत होता, मनात सगळी मांडणी तयार होती. उत्तर आलं: दाणा जेमतेम दोन-तीनशे वर्षांचा. उंदराच्या बिळातून खाली गेलेला. वर्षभराचं लेखन मी बाजूला ठेवलं. फार वाईट वाटलं, आणि तरी त्या भौतिकशास्त्रज्ञाचे मी आजही आभार मानते. माझ्या विषयातल्या कुणालाही ती चूक दिसली नसती, कारण आम्ही सगळे एकाच खिडकीतून पाहत होतो.

मला मनापासून सांगायचं आहे ते हेच. शाखा एकत्र येणं म्हणजे एका अहवालात शेवटी चार परिशिष्टं जोडणं नव्हे. दुसऱ्याच्या पुराव्याला आपलं म्हणणं मोडायचा हक्क देणं, हे खरं एकत्र येणं. आणि त्यासाठी त्याची विद्या इतकी तरी शिकावी लागते, की तो कुठे ठाम आहे आणि कुठे अंदाज करतो आहे ते आपल्याला कळावं.

हे काम एकट्यानं केलेला माणूस आपल्याकडे होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला, पेशानं गणिती, फर्ग्युसनमध्ये शिकवलं, पुढे टाटा संस्थेत होते. आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एक सूत्र आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांनी जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून पाडलेली नाणी, हजारोंनी तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं. मग वजन किती घटलं यावरून ते किती फिरलं हे सांगता येईल का, हा त्यांचा प्रश्न. आणि ते तपासायला त्यांनी आधी आपल्याच काळातली चलनातली नाणी तोलून पाहिली. याच माणसानं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली, त्यासाठी हस्तलिखितांची शेकड्यांनी छाननी केली. ते सायन्सचे की आर्ट्सचे? तुमच्या प्रश्नावर मला नेहमी तेच आठवतात. मात्र त्यांच्याकडे बोट दाखवून मुलांना "तूही तसं कर" म्हणू नये असं मला वाटतं. आपल्यासारख्यांनी एक विद्या नीट धरावी आणि दुसरीच्या दारात विद्यार्थी म्हणून उभं राहावं.

कारण या वाटेचे हालही आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी, हे मी भोगलं आहे. एका शिष्यवृत्तीसाठी माझा अर्ज विज्ञानाच्या समितीनं "हा विषय मानव्यविद्येचा" म्हणून परत केला आणि मानव्यविद्येच्या समितीनं "यात प्रयोगशाळेचा खर्च आहे" म्हणून. दोन वर्षं त्यात गेली. आता धोरणांमध्ये 'बहुविद्याशाखीय' हा शब्द जागोजागी येतो, पण फॉर्मवरचा शाखेचा रकाना अजून एकच खूण मागतो. तुमच्या मुलीला हे आधी सांगा.

आणि इनामगावची बाळंही सांगा. तिथे लहान मुलं दोन-दोन रांजणांत पुरलेली सापडली. रांजण आडवे, तोंडाला तोंड लावलेले, दक्षिणोत्तर, घराच्या जमिनीखाली. बाळाचं वय दातांवरून कळतं. हिरडीच्या आत कोणता दात किती तयार झाला होता, ते पाहून महिन्यांच्या हिशेबात सांगता येतं. आजारपणात किंवा उपासमारीत दातावरच्या कवचाची वाढ अडते आणि आडवी रेघ उरते. वस्तीच्या शेवटच्या काळात घरं चौकोनी न राहता लहान, गोल झाली, शेती रोडावली, शिकार वाढली. पाऊस कमी झाला म्हणून हे घडलं, असं उत्खनकांनी मांडलं. पुढे हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या मांडणीवर नवे प्रश्न उभे केले. तो वाद चालू आहे, आणि चालू राहायला हवा. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याच्या वर पाय तोडलेले आहेत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. दात वय सांगतो, रेघ उपास सांगते. पण आईनं बाळ घरातच, आपण रोज जिथे चालतो त्या जमिनीखाली का ठेवलं, हे विचारायला धर्म, नातं, शोक यांचा अभ्यास लागतो, आणि आजच्या आपल्या चालीरीती त्या काळावर न लादण्याचा संयमही लागतो. मी पहिल्यांदा त्या रांजणांचं रेखाचित्र पाहिलं तेव्हा वनस्पतिशास्त्राचं पुस्तक बंद करून बराच वेळ बसून राहिले होते. या विषयातच राहायचं, हे त्या दुपारी ठरलं.

तुमच्या मुलीला झाडं आवडतात आणि गोष्टीही आवडतात, असं तुम्ही म्हणालात. फॉर्मवर तिला विज्ञान लिहू द्या. प्रयोगशाळेची शिस्त तरुणपणी लागली तर हात बसतो. आणि सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवा. सध्या एका खोक्यात माती भिजवायची राहिली आहे आणि एका बशीत सात दाणे आहेत, जे मला अजून ओळखता आलेले नाहीत. मसुराहून लहान, एका बाजूनं चपटे. पुढच्या महिन्यात ते घेऊन मी पुन्हा त्या आजींच्या ओट्यावर जाणार आहे. तिला यायचं असेल तर गाडीत जागा आहे.