खाडीत नाव हाकताना आमचं सांगलीचं गणित चुकलं

आमच्या हरिपूरच्या संगमावर नाव हाकणारे मामा समोरच्या घाटाकडं नावेचं नाक कधीच धरत नाहीत, वरच्या अंगाला रोखतात आणि पाणी आपसूक घाटावर नेऊन लावतं, तेच लहानपणापासून बघत आलोय. म्हटलं कोकणात मेव्हण्याच्या होडीत पण हेच करू. पण कृष्णामाई एकाच दिशेनं वाहती ओ, खाडी दर सव्वासहा तासांनी उलटी फिरती! मी सवयीनं डोंगराच्या बाजूला रोखली, भरती सुरू होती, म्हणजे पाणी पण डोंगराकडंच चाललेलं, भलत्याच जेटीसमोर जाऊन थांबलो, मेव्हणा हसतोय.

मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. होडीचा स्पीड ४ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि आडवा प्रवाह २ नॉट असला तर नाक ३० अंश प्रवाहाच्या विरुद्ध धरायचं, तरी पुढं जायचा वेग साडेतीनच उरतो. आणि भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात जोरात, त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असलं तर विचारूच नका (आम्ही नेमके पौर्णिमेलाच गेलेलो, मासे खायला). अष्टमीच्या भांगाला (म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा) जरा निवांत असतं म्हणे. परत येताना जेटीचा खांब आणि मागचा माड एका रेषेत धरून आलो, माड सरकला की नाक वळवायचं, एवढं जमलं.