सॉ एक्स आणि काकांच्या पुड्या

शनिवार, रात्री उशिरा

आज शेवटी सॉ एक्स हा हॉरर पिक्चर बघितला. २०२३ चा, सिरीजमधला दहावा, आणि दहाव्या भागाकडून कोण काय अपेक्षा ठेवणार, तेच सापळे, तेच रक्त, तीच ती टेप. पण हा वेगळा निघाला आणि आता डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढते.

पहिल्या सॉमध्ये, २००४ च्या, जिगसॉ, म्हणजे लोकांना जीवघेण्या सापळ्यात अडकवून टेपवरून त्यांची परीक्षा घेणारा जॉन क्रेमर, अख्खा पिक्चर बाथरूमच्या फरशीवर प्रेत बनून पडलेला असतो, अगदी शेवटी उठून उभा राहतो तेव्हा कळतं की हाच तो. तिसऱ्या भागात २००६ ला मेलासुद्धा, पुढे फ्लॅशबॅक आणि टेपांवर त्याला ओढलं. इथे गोष्ट मागे नेलीय, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधे, आणि जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये तोच. जॉनचं काम करणारा टोबिन बेल १९४२ चा, त्यामुळे वयाचा हिशोब काही जुळत नाही हे चेहऱ्यावरच दिसतं, पण मला ते खटकलं नाही, कॅन्सरने माणूस दोन महिन्यांत किती म्हातारा होतो ते मी घरात बघितलंय.

सुरुवातीला बराच वेळ खुनाबिनाचं नावच नाही. मशीनमध्ये झोपलेला म्हातारा, मेंदूत गाठ, हातात थोडेच महिने, पेशंट लोकांच्या ग्रुपमध्ये गप्प बसलेला. डोळे ओढून काढणारा जो पहिला सापळा येतो तोसुद्धा फक्त त्याच्या मनात घडतो, हॉस्पिटलमधला एक सफाई कामगार पेशंटच्या वस्तूंना हात घालत असतो, मग परत ठेवतो आणि वाचतो. नंतर ग्रुपमधलाच एक ठणठणीत झालेला माणूस भेटतो आणि सांगतो की मेक्सिकोत एक ट्रीटमेंट आहे, नॉर्वेच्या डॉक्टरची, आता त्या डॉक्टरची मुलगी सेसिलिया चालवते.

इथे मी पिक्चर थांबवून पाणी प्यायला उठले. कारण पुढे काय होणार ते मला माहिती होतं, आणि ते ट्रेलरमुळे नाही.

काका साताऱ्याहून ट्रीटमेंटसाठी आमच्याकडे राहायला आले होते, खारघरला टाटाचं कॅन्सर सेंटर आहे ना सेक्टर २२ मधे, आमच्या घरून रिक्षाने जवळ पडतं म्हणून. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं, काय होऊ शकतं, काय नाही. आणि मग बाहेर चहाच्या टपरीवर कुणीतरी भेटला आणि म्हणाला, माझ्या मेव्हण्याची गाठ विरघळली, पनवेलच्या पुढे एक जण औषध देतो, पैशाचं तुमचं तुम्ही बघा, मागत नाही तो. काका गेले, काकूला घेऊन गेले. परत आले तेव्हा पिशवीत पांढऱ्या कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर लाल स्केचपेनने सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहिलेलं, अक्षर इतकं सुंदर की बघत राहावं. आणि काका किती खूश! म्हणाले, अगं, त्याने माझा हात धरून तासभर ऐकून घेतलं. पैसे तो मागत नव्हताच, दर वेळी काकाच जास्त देऊन यायचे. काका गेल्यावर काकूने उरलेल्या पुड्या बेसिनमध्ये ओतल्या, मी शेजारी उभी होते.

पिक्चरने हे बरोब्बर पकडलंय. सेसिलिया त्याला औषध विकतच नाही, ती त्याला आपुलकी विकते. सगळे किती प्रेमाने वागतात त्याच्याशी, तिथल्या एका लहान मुलाची सायकल तो दुरुस्त करून देतो, आणि ऑपरेशन झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते आतापर्यंतच्या एकाही भागात दिसलं नव्हतं. मग तो आभार मानायला परत जातो तर घर रिकामं, स्क्रीनवर दाखवलेलं ऑपरेशन म्हणजे नुसती डीव्हीडी, आणि तो डोक्याची पट्टी सोडतो. सोडत जातो, सोडत जातो, आणि खाली जखमच नाही. अख्ख्या सिरीजमधला सगळ्यात भयंकर सीन हाच, आणि रक्ताचा थेंब नाही त्यात.

त्यानंतर तो त्या फसवणाऱ्या टोळीतल्या एकेकाला उचलून सापळ्यात टाकतो तेव्हा मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, स्केचपेनचं अक्षर डोळ्यासमोर होतं. व्हिलनला हिरो करायचं तर त्याच्यावर झालेला अन्याय इतका खरा पाहिजे, हे दिग्दर्शक केविन ग्रूटर्टला नक्की कळलंय.

पण मग गॅब्रिएला येते. त्या टोळीतली घरकाम करणारी, नशेच्या आहारी गेलेली पोरगी. जॉनची साथीदार अमांडा, जी स्वतः नशेतून गेलीय, ती जॉनला विनवते की हिला सोड. आणि तो नाही म्हणतो. तिथे माझं त्याच्याशी तुटलं. तासभर ज्याच्या शेजारी बसून मी तगमगले तो माणूस हाच, आणि त्याला दुसऱ्याची तगमग दिसत नाही, एवढा मोठा प्रश्न हाताशी होता, तिथे थांबायला हवं होतं. पिक्चर थांबत नाही. गॅब्रिएला हात-पाय मोडून घेऊन सापळ्यातून सुटते, तर सेसिलियाच तिची मान मोडते, वर त्या लहान मुलाला रक्ताच्या धारेखाली झोपवते, झालं, सगळं पाप तिच्या खात्यात आणि जॉन परत स्वच्छ. हे मला पटलं नाही. सेसिलिया जेवढी जास्त राक्षसीण होते तेवढं जॉनला कमी उत्तर द्यावं लागतं. आणि सेसिलियासारखी माणसं खरंच तशी नसतात. आमचा तो पुड्यावाला काकांच्या दहाव्याला आला होता, मागे बसून रडत होता, आणि मला अजून कळलेलं नाही की ते रडणं खोटं होतं का.

पुढच्या शनिवारी सहावा भाग परत बघायचाय, २००९ चा, तोही ग्रूटर्टचाच. त्यात आजारी लोकांचे क्लेम नाकारणारा इन्शुरन्सवाला आहे, म्हणजे आपला राग तिथेही आधीपासून तयारच असतो. त्या माणसाला मात्र स्वतः निवड करताना तुटायला वेळ दिलाय असं आठवतंय. दादाला बोलावते, तो काकांच्या वेळी सगळीकडे सोबत होता.