गाडी लागते त्यांच्यासाठी: घाटात नव्हे, निघायच्या आधी गोळी

घाट साडेतीन तासांचा. चौथ्या वळणावरच तोंडाला पाणी सुटलं, कपाळ गार पडलं. मी घाईघाईने गोळी गिळली. वीस मिनिटांत ती जशीच्या तशी पिशवीत दिसली, कडाही झिजलेल्या नव्हत्या. मळमळ सुरू झाली की पोट पुढे सरकवायचं कामच मंदावतं. गोळी खाली उतरतच नाही.

शिवाय गोळीच चुकीची होती. "उलटीवर एकदम जालीम" म्हणून सोबतच्याने दिली, ती ऑन्डानसेट्रॉन. केमोथेरपीच्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांना ती उत्तम, पण गाडी लागण्यावर जवळपास निरुपयोगी. इथे मूळ भानगड पोटात नसतेच. आतला कान सांगतो हलतोय, समोरच्या सीटवर खिळलेले डोळे सांगतात स्थिर आहोत, आणि मेंदू गोंधळतो. त्यावर चालतात त्या झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरच्या गोळ्या. सर्दीची, झोप न आणणारी नवी गोळी घेऊन उपयोग नाही.

मुक्कामाचे तीन दिवस छान गेले. त्यात एकदा बोट होती. आदल्या रात्री झोपताना या जुन्या गोळ्यांपैकी प्रोमेथाझिन २५ मिलिग्रॅम घेतली. बोट अजिबात लागली नाही, पण दुपारपर्यंत डोकं जड आणि जीभ कोरडी. दिवसभर नुसतं बसायचं असेल तरच ही घ्या.

परतीला तोच घाट. निघायच्या दोन तास आधी सिनारिझिन, १५ मिलिग्रॅमच्या दोन. किंचित सुस्ती आली, बाकी काही नाही. शेवटचं वळण संपलं तेव्हा आनंदाने अक्षरशः रडू आलं! माझा कौल हिलाच. मेक्लिझिन तासभर आधी घेतात, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी. वेळ पाळली तर त्याही चालतात.

यातली कुठलीही घेतली तर गाडी चालवायची नाही, दारू नाही. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन कधीही देऊ नका, श्वास मंदावू शकतो. नवी गोळी आधी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, किती झोप येते ते कळेल.

आणि पुढची सीट मिळवाच, त्यासाठी भांडावं लागलं तरी. मोबाईल खिशात, नजर दूरच्या रस्त्यावर. मागच्या चाकावरच्या सीटवर बसलात तर गोळीही अपुरी पडेल.