संमतिपत्रातील सहीच्या रकान्यापायी गेलेले सात महिने

एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी निरोगी व्यक्तीने घ्यायच्या गोळ्यांचा, म्हणजे ‘प्रेप’चा, खर्च सरकारने उचलावा का, हा माझ्या इंदूरमधील संशोधनाचा विषय आहे. लागण झालेल्यांना १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली; ही गोळी मात्र पदरमोड करून घेणारे बरेच आहेत. ती कोणाला झेपते आणि कोण पैशांअभावी मध्येच सोडते, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते. विषयाला मान्यता सहज मिळाली. गाडे अडले ते एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरील संशोधन नैतिक चौकटीत आहे ना हे तपासणाऱ्या समितीच्या, कार्यालयात.

‘सहभागी व्यक्तीचे पूर्ण नाव व सही आवश्यक’ असा शेरा मारून अर्ज परत आला. ज्यांच्याशी बोलायचे होते त्यांतील अनेकांच्या घरी याची कुणकुणही नाही. नाव लिहायचे म्हटल्यावर ते समोर बसणार नाहीत, हे मी अर्जातच लिहिले होते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एखादी व्यक्ती सहभागास तयार असूनही सही करू इच्छित नसेल, तर समितीच्या मंजुरीने निःपक्ष साक्षीदारासमोर तोंडी संमती घेता येते आणि कागदावर साक्षीदार सही करतो. दुसऱ्या अर्जात मी हे सविस्तर मांडले. दोन महिन्यांनी तोच शेरा, तसाच, परत आला. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेला एवढे महत्त्व दिले असताना एका छापील नमुन्यापुढे कोणी काही वाचतच नाही, याचा मला आजही संताप येतो.

तिसऱ्या वेळी मी मार्गदर्शक तत्त्वांतील ते पान छापले, परिच्छेदाखाली लाल रेघ ओढली, ते अर्जाच्या सर्वांत वर टाचले आणि बैठकीत स्वतः बोलण्याची परवानगी मागितली. समितीतील कायद्याच्या जाणकार सदस्याने ते मोठ्याने वाचले आणि दहा मिनिटांत मंजुरी मिळाली. बाहेर येऊन मी पायरीवर बराच वेळ नुसती बसून राहिले.

असा अर्ज करणाऱ्यांना माझे सांगणे: साक्षीदार संशोधकांच्या चमूतला नसावा, पण सहभागींच्या विश्वासातला असावा. तो आधीच शोधून ठेवावा. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. आणखी एक, जे आधीच सांगायला हवे होते: आपल्याकडे मुलाखती हिंदीत होतात, म्हणून हिंदी संमतिपत्राचा उलट अनुवादही (हिंदीतून पुन्हा मूळ भाषेत केलेला) पहिल्याच अर्जाला जोडावा.

प्रेप म्हणूनच वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनची जेनेरिक आवृत्ती २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्यांच्या करारांतून २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. ही किंमत कोणी भरायची, हे ठरण्याआधी माझ्या मुलाखती हाती असायला हव्या होत्या. बोलायला तयार झालेल्या नऊ जणांपैकी तिघे मंजुरी मिळेपर्यंत इंदूर सोडून गेले होते.